यूकॅट: व्हीआर 530 ला अडकलंय, हातात सात आठवडे

रानजाई

यूकेतल्या मेडिसिन-डेंटिस्ट्रीच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या यूकॅटबद्दल जाणकारांना विचारायचंय. परीक्षा देणारी मुलगी इयर 12 ची (आपली अकरावी), तारीख ऑगस्टअखेरची मिळाली आहे. चार मॉक झाल्या. आकडे साधारण असे: व्हीआर (उतारे वाचून उत्तरं) 520 ते 540, डीएम (तर्काचे प्रश्न) 610, क्यूआर (आकडेमोड) 720, एसजेटी (प्रसंग देऊन कसं वागाल ते) कधी बँड 2, कधी 3.

अडचण व्हीआरची. उतारा नीट वाचला तर उत्तरं बरोबर येतात, पण शेवटचे तीन उतारे हातही न लावता राहतात. भरभर वाचलं तर सगळे होतात आणि चुकांचा पाऊस पडतो. दोन्हीकडून गुण तेवढेच.

दुसरं म्हणजे नेटवर जागोजागी "किमान 2700 हवेत" असं दिसतं. आता कमाल गुणच 2700 आहेत ना? मग हे काय गौडबंगाल आहे? क्लास लावावा का? आणि तोच स्कोअर डेंटिस्ट्रीला चालतो का, की तिथे वेगळी परीक्षा असते?

---

पेन्सिल एचबी

2700 चं गौडबंगाल आधी सोडवू, म्हणजे निष्कारण झोप उडणार नाही. 2024 पर्यंत यूकॅटमध्ये गुणांचे चार विभाग होते. त्यातला आकृत्यांचा, म्हणजे अॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंग, 2025 पासून काढून टाकला. प्रत्येक विभागाला 300 ते 900 गुण. म्हणजे पूर्वी एकूण 1200 ते 3600, आता 900 ते 2700. तुम्ही वाचलेलं "2700 हवेत" हे 3600 पैकीचं आहे. 2024 ची सरासरी 2523 होती, 2025 ची 1891. त्यामुळे जुन्या धाग्यांतले, जुन्या व्हिडिओंमधले कटऑफ वाचूच नका. तुलना करायचीच तर डेसाइलने करा, म्हणजे एकूण परीक्षार्थींच्या दहा भागांपैकी आपण कितव्या भागात बसतो ते. ते कोष्टक यूकॅटच्या साइटवर दरवर्षी येतं.

सध्याचा साचा असा: व्हीआर 44 प्रश्न, 22 मिनिटं. डीएम 35 प्रश्न, 37 मिनिटं. क्यूआर 36 प्रश्न, 26 मिनिटं. एसजेटी 69 प्रश्न, 26 मिनिटं. एसजेटीचे गुण बेरजेत येत नाहीत, त्याचा 1 ते 4 बँड वेगळा मिळतो, 1 सगळ्यात चांगला. निगेटिव्ह मार्किंग कुठेच नाही. एका विभागात उरलेला वेळ पुढच्यात जात नाही आणि मागच्या विभागात परत जाता येत नाही. सरावाची पुस्तकं-पोर्टलं घेताना 2025 नंतरच्या साच्याची आहेत ना, एवढं बघा. आकृत्यांवर अजून घाम गाळणारी मुलं आहेत.

तुमचे आकडे मांडले तर 530 + 610 + 720 = 1860. सरासरीच्या किंचित खाली. व्हीआर 600 ला गेला तरी 1930 होतात, म्हणजे सात आठवड्यांतला मोठा वाटा कुठे घालायचा ते उघड आहे. क्यूआरला आता आठवड्यातून दोन बैठका पुरेत.

आता व्हीआर. 11 उतारे, प्रत्येकावर 4 प्रश्न. म्हणजे एका उताऱ्याला 2 मिनिटं, त्यात वाचन आणि चारही उत्तरं. उतारा 300 शब्दांचा धरा. समजून वाचण्याचा वेग मिनिटाला 220 शब्द असला तर नुसतं वाचायलाच 80 सेकंदांच्या वर जातात. उरलेल्या 40 सेकंदांत चार प्रश्न? होत नाही. म्हणजे "नीट वाचायचं" हा बेतच मुळात या परीक्षेत बसत नाही. आणि "भरभर वाचायचं" हा त्याचाच बिघडलेला अवतार. दोन्हीत संपूर्ण उतारा वाचलाच जातो, इथेच गणित चुकतं.

उलटं करायचं. आधी प्रश्नातलं विधान वाचा, त्यातला असा शब्द उचला जो उताऱ्यात एक-दोनदाच येईल: विशेषनाम, साल, आकडा, विचित्र तांत्रिक शब्द. उतारा नदीच्या प्रदूषणावर असेल तर "प्रदूषण" हा शब्द शोधून उपयोग नाही, तो दर ओळीत भेटेल. तो शब्द डोळ्यांनी शोधा, सापडला की त्या वाक्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एक वाक्य वाचा. तेवढंच. दुसऱ्या प्रश्नापर्यंत उताऱ्याचा अर्धा भाग आपोआप डोळ्यांखालून गेलेला असतो, म्हणून तिसरा-चौथा प्रश्न स्वस्तात सुटतो.

बऱ्याच प्रश्नांत विधान "ट्रू", "फॉल्स" की "कान्ट टेल" (उताऱ्यावरून सांगता येत नाही) ते ठरवायचं असतं. आणि खरी कत्तल होते ती "फॉल्स" आणि "कान्ट टेल" यांच्यात. एक छोटा उतारा घेऊ:

"बेटावरच्या मासेमारी बोटींची संख्या 1980 च्या दशकात निम्म्यावर आली. त्याच दशकात मुख्य भूमीला जोडणारी फेरीबोट सुरू झाली आणि बेटावर येणारे पर्यटक वाढत गेले."

विधान: दशकात बेटावरचे पर्यटक घटले. फॉल्स. उतारा थेट उलट सांगतो.

विधान: फेरीबोट सुरू झाल्यामुळे बोटी कमी झाल्या. कान्ट टेल. दोन गोष्टी एकाच दशकात घडल्या एवढंच लिहिलंय, "मुळे" कुठेच नाही.

विधान: 1980 च्या दशकात बेटावर पकडल्या जाणाऱ्या माशांचं प्रमाण घटलं. इथे बरीच मुलं "ट्रू" दाबतात. पण उताऱ्यात बोटींची संख्या आहे, माशांची नाही. उरलेल्या बोटी मोठ्या असतील तर? कान्ट टेल.

कसोटी एकच: उताऱ्यातल्या एकाही शब्दाला धक्का न लावता ते विधान खरं असण्याची आणि खोटं असण्याची, दोन्ही कल्पना करता येते का? येत असेल तर कान्ट टेल. हुशार, वाचन असलेली मुलं इथेच जास्त फसतात, कारण बाहेरची माहिती त्यांना आठवते आणि ती उत्तरात शिरते.

विधानातल्या "फक्त", "सर्व", "कधीच", "बहुतेक", "मुख्यतः", "पहिला" अशा शब्दांना बोट लावायची सवय लावा. उताऱ्यात "अनेक" आणि विधानात "बहुतेक" असलं की ते जुळत नाही. अनेक म्हणजे निम्म्याहून जास्त असं कोणी सांगितलं?

---

दीडदमडी

वरचं बहुतेक पटलं, पण "आधी प्रश्न" हा मंत्र सगळ्या उताऱ्यांना लावू नका. व्हीआरमध्ये दोन जातींचे प्रश्न असतात. एक ट्रू-फॉल्स-कान्ट टेल. दुसरी जात: चार लांबलचक पर्याय, "लेखक बहुधा कशाशी सहमत होईल", "खालीलपैकी कोणता निष्कर्ष निघतो", "कोणता निघत नाही". दुसऱ्या जातीत चार पर्याय म्हणजे चार वेगळे शोध. शब्द शोधत बसलात तर एकाच प्रश्नात मिनिट जातं. तिथे उताऱ्याच्या प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य आणि शेवटच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य, 15-20 सेकंदांत. लेखक कुठल्या बाजूचा आहे ते बहुतेक वेळा "मात्र", "तरीही", "असं असलं तरी" यांच्या पुढे सापडतं.

वेळेचं वाटपही सरसकट 2 मिनिटं नको. ट्रू-फॉल्सचा संच दीड मिनिटात संपवायचा, तिथे वाचलेला अर्धा मिनिट लांब पर्यायांच्या संचाला द्यायचा. एखाद्या प्रश्नाला 40 सेकंद होऊन गेले की काहीतरी पर्याय निवडा, फ्लॅग करा (परत बघायची खूण), पुढे चला. कोरा सोडून फ्लॅग करू नका. परत यायला वेळ मिळालाच नाही तर कोऱ्याला शून्य, आणि अंदाजाला चारात एक तरी संधी.

तुमच्या मुलीचे तीन उतारे राहतात म्हणजे 12 प्रश्न. ते वेळ संपायच्या आत डोळे मिटून भरले तरी सरासरीने तीन-चार बरोबर येतात. हे ती करते का, ते आधी विचारा. शेवटची 20 सेकंद फक्त रिकाम्या जागा भरायला ठेवायची.

घड्याळ दर प्रश्नाला बघू नका, तीनच थांबे पाठ करा. 22 मिनिटं उलटी मोजली जातात. तिसरा उतारा संपताना 16 मिनिटं, सहावा संपताना 10, नववा संपताना 4. थांब्यावर एक मिनिटाहून जास्त मागे असाल तर पुढच्या लांब-पर्यायवाल्या संचातले दोन प्रश्न सरळ अंदाजाने. मागे पडल्यावर "आता वेग वाढवते" असं ठरवून वेग वाढत नाही, फक्त चुका वाढतात. मागे पडल्यावर प्रश्न कमी करायचे असतात.

क्लासबद्दल: यूकॅट घेणारी संस्था कोणत्याही खासगी क्लासची शिफारस करत नाही. तिच्या साइटवर मोफत प्रश्नसंच आणि पूर्ण लांबीच्या सराव चाचण्या आहेत, आणि त्यांचा पडदा प्रत्यक्ष परीक्षेसारखाच असतो. प्रश्न कमी पडतात म्हणून एखादं पोर्टल महिना-दोन महिने घ्यायला हरकत नाही. पण दोन दिवसांच्या शिबिराने व्हीआर वाढत नाही, तिथे जे सांगतात ते वरच्या दोन प्रतिसादांत आलंच आहे. आणखी एक, खासगी मॉकमधला "530" हा त्या कंपनीचा अंदाज आहे. कच्च्या गुणांचं 300-900 मध्ये रूपांतर प्रत्येक जण आपापल्या परीने करतो. 44 पैकी किती बरोबर हा आकडा लिहून ठेवा, प्रगती त्यावर मोजा.

---

काटकोन

डीएमवर कोणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते 610 वरून तिथेच सगळ्यात स्वस्तात गुण मिळतील. कारण सगळ्या प्रश्नांना सारखे गुण नसतात. पाच विधानांपुढे "हो / नाही" ओढून ठेवायचे जे प्रश्न आहेत ते 2 गुणांचे, आणि अर्धवट बरोबर आलं तर 1 गुण मिळतो. बाकीचे चार पर्यायांचे प्रश्न 1 गुणाचे. मुलं काय करतात, चार जणांना चार खुर्च्यांवर बसवायच्या कोड्यात अडीच मिनिटं घालवतात, 1 गुणासाठी. सरासरी प्रश्नाला 63 सेकंद आहेत. कोडं वाचून पहिल्या 20 सेकंदांत एकही पक्की जागा सापडली नाही तर अंदाज, फ्लॅग, पुढे.

सिलॉजिझममध्ये (दिलेल्या विधानांतून काय निघतं ते सांगायचं) "फक्त" हा शब्द उलटा वाचला जातो. "फक्त प्रशिक्षित लोकच यंत्र वापरतात." यातून निघतं काय? जो यंत्र वापरतो तो प्रशिक्षित आहे. जो प्रशिक्षित आहे तो यंत्र वापरतोच, हे निघत नाही. तसंच "सर्व सर्जन हातमोजे घालतात, हातमोजे घालणाऱ्यांपैकी काही विद्यार्थी आहेत" यातून "काही विद्यार्थी सर्जन आहेत" निघत नाही. दोन वर्तुळं काढा, विद्यार्थ्यांचं वर्तुळ सर्जनच्या वर्तुळाला न शिवता हातमोज्यांच्या वर्तुळात बसतं का? बसतं. मग "नाही". शब्दांशी भांडू नका, वर्तुळं काढा. पाच सेकंद लागतात.

संभाव्यतेच्या प्रश्नात पर्याय असे असतात: "हो, कारण...", "हो, कारण...", "नाही, कारण...", "नाही, कारण...". पिशवीत 4 लाल, 6 निळे चेंडू. परत न ठेवता दोन काढले. दोन्ही लाल असण्याची शक्यता 1/6 पेक्षा कमी आहे का? 4/10 × 3/9 = 2/15, म्हणजे 0.133. 1/6 म्हणजे 0.167. उत्तर "हो". पण एका "हो" पुढे कारण दिलेलं असेल "शक्यता 4/25 आहे". 4/25 म्हणजे 0.16, तेही 1/6 पेक्षा कमीच! चेंडू परत ठेवला असता तर ते बरोबर. हो-नाही ठरलं की मुलं पहिल्याच "हो" वर टिचकी मारतात. आकडा काढूनच कारण निवडा.

युक्तिवादाच्या प्रश्नात, म्हणजे सर्वात भक्कम मुद्दा कोणता, आपलं मत बाजूला. जो पर्याय प्रस्तावातल्या नेमक्या गोष्टीला थेट भिडतो तो. भावनिक, किंवा खरा पण दुसऱ्याच विषयावरचा मुद्दा बाद.

क्यूआर 720 आहे, तरी दोन गोष्टी. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर साधा चार क्रियांचा आहे, माउसने आकडे दाबत बसलात तर वेळ जातो. कीबोर्डवरचा नंबरपॅड वापरायची सवय हवी. ज्यांच्या लॅपटॉपला नंबरपॅड नाही त्यांनी स्वस्तातला यूएसबी कीबोर्ड जोडून सराव करावा, हे मी गंभीरपणे सांगतोय. शॉर्टकट: ऑल्ट सी कॅल्क्युलेटर, ऑल्ट एन पुढे, ऑल्ट पी मागे, ऑल्ट एफ फ्लॅग.

दुसरं, टप्प्यांचे कर. पहिल्या 9,000 पौंडांवर कर नाही, पुढच्या 21,000 वर 20 टक्के, त्यापुढे 35 टक्के. पगार 34,000. बरोबर उत्तर: 21,000 चे 20 टक्के 4,200, उरलेल्या 4,000 चे 35 टक्के 1,400, एकूण 5,600. पर्यायांत 11,900 हमखास असणार (सगळ्या पगारावर 35 टक्के) आणि 5,000 पण असणार (25,000 वर 20 टक्के). चुकीचे पर्याय हवेत काढलेले नसतात, नेहमीच्या चुकांची उत्तरं असतात. म्हणून "माझं उत्तर पर्यायांत आहे" याचा अर्थ ते बरोबर आहे असा नाही.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल विचारलं, राहिलेले 12 प्रश्न ती कोरेच सोडत होती! ते आजपासून बंद.

एसजेटीबद्दल कोणी सांगेल का? तिचं म्हणणं असं की उत्तरं वाचून पटतात, पण पुढच्या वेळी परत चुकतात. "योग्य पण आदर्श नाही" आणि "अयोग्य पण भयंकर नाही" यात फरक कसा करायचा?

---

ओपीडी

तो फरक शेवटी येतो. आधी रेषेची बाजू ठरवा: ही कृती केल्याने परिस्थिती सुधारते की बिघडते (किंवा आहे तशीच सडते)? सुधारत असेल तर वरचे दोन पर्याय ("अगदी योग्य", "योग्य पण आदर्श नाही"), नाहीतर खालचे दोन ("अयोग्य पण भयंकर नाही", "अगदी अयोग्य"). मग त्या बाजूचा जोर ठरवा. गुण देण्याची पद्धतही याला सोयीची आहे: नेमकं उत्तर आलं तर पूर्ण गुण, शेजारचं आलं तर थोडे. म्हणजे बाजू बरोबर पकडली की बहुतेक वेळा काहीतरी पदरात पडतंच.

सगळ्यात जास्त चुका एका गैरसमजातून होतात. दिलेली कृती ही एकमेव कृती आहे असं धरून मुलं तिला कमी गुण देतात. "रुग्णाची माफी मागणे" असं लिहिलेलं असतं, आणि मुलं म्हणतात नुसत्या माफीने काय होणार, म्हणून "आदर्श नाही". सूचनांमध्येच म्हटलेलं असतं की कृती ही केली जाणारी एकमेव गोष्ट आहे असं समजून तिचं मोल ठरवू नका. पण त्यात "फक्त" असेल, किंवा "दुसरं काहीही न करता" असेल, तर गोष्ट वेगळी.

एक प्रसंग बघा. वॉर्डातल्या रुग्णांची नावं आणि निदानं लिहिलेला कागद सहविद्यार्थी कॅन्टीनच्या टेबलावर विसरून गेला आहे.

कागद उचलून त्याला नेऊन देणे आणि असं ठेवू नये हे सांगणे: अगदी योग्य. माहिती सुरक्षित झाली आणि चूक जिथल्या तिथे सांगितली.

कागद कॅन्टीनच्या कचऱ्याच्या डब्यात टाकणे: हेतू चांगला, पण नावं तशीच वाचता येतात. गोपनीय कागदांची विल्हेवाट वेगळ्या ठिकाणी लागते. खालची बाजू.

तो परत येईल म्हणून कागद तिथेच ठेवणे: अगदी अयोग्य.

कागद सुरक्षित ठेवून, त्याच्याशी न बोलता थेट डीनला कळवणे: इथे वाद होतो. गोपनीयता सांभाळली गेली, पण पहिल्या छोट्या चुकीला पायऱ्या सोडून थेट वरच्या दारात जाणं प्रमाणाबाहेर आहे. म्हणून वरच्या टोकाला नक्कीच जाणार नाही. हेच जर सहविद्यार्थी दारू पिऊन वॉर्डात आला असेल, तर मात्र त्याच्याशी खासगीत बोलून थांबणं पुरेसं नाही, रुग्णाच्या जिवाला धोका असला की पर्यवेक्षकाला लगेच सांगणं वरच्या टोकाला जातं.

आपल्या घरांत वाढलेल्या मुलांची एक खास अडचण असते, स्पष्टच लिहितो. "मोठ्यांची चूक मोठ्यांना कशी दाखवायची" हा संस्कार. कन्सल्टंटने, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरने, हात न धुता रुग्ण तपासला, तर विद्यार्थ्याने तिथल्या तिथे नम्रपणे आठवण करून देणं हे एसजेटीत उद्धटपणा नाही, योग्य कृती आहे. तसंच "मी विद्यार्थी आहे, मला काय त्याचं" हे उत्तर जवळजवळ नेहमी चूक. त्याच वेळी विद्यार्थ्याने आपल्या कुवतीबाहेरचं काम करणं, निदान सांगणं, औषधाबद्दल सल्ला देणं हेही चूक, रुग्णाने कितीही आग्रह केला तरी.

वाचायला काय? जनरल मेडिकल कौन्सिलची (यूकेतल्या डॉक्टरांची नियामक संस्था) आचारसंहिता "गुड मेडिकल प्रॅक्टिस", त्याची नवी आवृत्ती जानेवारी 2024 अखेर लागू झाली. शिवाय त्याच कौन्सिलची वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीची मार्गदर्शिका. डेंटिस्ट्रीकडे जायचं असेल तर जनरल डेंटल कौन्सिलची नऊ तत्त्वंही. दोन संध्याकाळी पुरतात. वाचताना प्रत्येक मुद्द्याला "याच्या विरुद्ध वागणारा विद्यार्थी कसा दिसेल" एवढं मनात आणलं की प्रश्न कुठून येतात ते कळतं.

वेळ प्रश्नाला 22-23 सेकंद. एका प्रसंगावर अनेक प्रश्न असतात, म्हणून प्रसंग एकदाच पण पूर्ण वाचा. व्हीआरची शोधाशोध इथे चालत नाही. "विद्यार्थी पहिल्या वर्षाला आहे" किंवा "पर्यवेक्षक आज रजेवर आहे" असा एक तुकडा उत्तर फिरवतो.

एसजेटी बेरजेत नाही म्हणून सोडून देऊ नका. बँड 4 आला तर अर्ज पुढे न नेणारी विद्यापीठं आहेत, आणि काही ठिकाणी बँडचे वेगळे गुण मोजतात.

---

पेन्सिल एचबी

डेंटिस्ट्रीचं राहिलं होतं. परीक्षा तीच, स्कोअर तोच, एका वर्षात एकदाच देता येते आणि त्याच प्रवेशवर्षापुरती चालते. पुढच्या वर्षी परत अर्ज केला तर परत परीक्षा. पूर्वी ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पिरियल, यूसीएल वगैरे ठिकाणी बीमॅट ही वेगळी प्रवेशपरीक्षा होती, ती 2023 नंतर बंद झाली आणि तेही यूकॅटवर आले.

मोठी सोय अशी की स्कोअर यूकॅसच्या (यूकेतल्या विद्यापीठांची सामाईक प्रवेशयंत्रणा) अर्जाआधी हातात असतो. अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर, संध्याकाळी 6, यूकेच्या वेळेने. म्हणून विद्यापीठं आधी ठरवून मग स्कोअरची वाट बघणं ही उलटी वरात आहे. मेडिसिनला चारच जागा भरता येतात, पाचवी दुसऱ्या विषयाला. आणि विद्यापीठं स्कोअर वापरतात तरी किती तऱ्हांनी! कुठे ठरावीक आकड्याखालचे अर्ज बाद आणि वरचे सगळे सारखे. कुठे स्कोअरनुसार सरळ रांग लावतात. ब्रिस्टलसारख्या ठिकाणी गेली काही वर्षं मुलाखतीची निवड यूकॅटवरच होत आली आहे. कुठे जीसीएसई (तिकडची दहावी-अकरावीच्या वयाची परीक्षा) आणि अपेक्षित ए-लेव्हलच्या (तिकडची बारावी) गुणांशी मिसळून. 1930 आला आणि जीसीएसई झकास असतील तर रांग लावणाऱ्या ठिकाणी जागा वाया घालवायची नाही, मिसळणाऱ्यांकडे जायचं. प्रत्येक विद्यापीठाचं त्या वर्षाचं निवड-धोरणाचं पान उघडून वाचा, कारण हे नियम दरवर्षी हलतात. होम (यूकेतले) आणि ओव्हरसीज (बाहेरचे) अर्जदारांसाठी कटऑफ वेगळे असतात, तेही बघा.

मेडिसिन आणि डेंटिस्ट्री दोन्हीकडे अर्ज करायचा विचार असेल तर अडचण स्कोअरची नाही, पर्सनल स्टेटमेंटची, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायच्या मजकुराची आहे. ते सगळीकडे एकच जातं. आता तीन प्रश्नांच्या रूपात असलं तरी एकूण 4,000 अक्षरंच. त्यात दोन्ही व्यवसायांची ओढ दाखवली की वाचणाऱ्याला एकाचीही वाटत नाही.

---

शून्यप्रहर

मध्येच विचारतो: भारतातून ही परीक्षा देता येते का? फी किती?

---

दीडदमडी

येते. पीअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांवर होते, भारतातही केंद्रं आहेत. 2025 ला यूकेत 70 पौंड आणि यूकेबाहेर 115 पौंड होती. यूकेतल्या आर्थिक मदत मिळणाऱ्या परीक्षार्थींना फीमाफीची सोय आहे, त्यासाठी कागदपत्रांसह वेगळा अर्ज. पण भारतीय नागरिक असाल आणि पदवीनंतर भारतात प्रॅक्टिस करायचा विचार असेल तर 'नीट' या भारतातल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची पात्रताही लागते, परदेशी एमबीबीएससाठी 2018 पासून. यूकॅट ही नीटच्या जागी चालत नाही.

---

काटकोन

रानजाई, सात आठवड्यांचं वेळापत्रक विचारणार असालच, म्हणून आधीच.

पहिले दोन आठवडे घड्याळ लावून पूर्ण मॉक नकोत. रोज व्हीआरचे चार उतारे (8 मिनिटं), डीएमचे 15 प्रश्न, एक दिवसाआड क्यूआर किंवा एसजेटीचा छोटा संच. सोडवायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट तपासायला. चुकांची वही ठेवा, पण "चूक झाली" एवढं लिहून उपयोग नाही. चार खुणा पुरतात: ओळ सापडलीच नाही, ओळ सापडली पण शब्द निसटला, बाहेरची माहिती घातली, वेळ संपला. दहा दिवसांत कुठली खूण जास्त आहे ते दिसेल आणि सराव तिकडे वळवता येईल. पहिली खूण जास्त असेल तर शब्द चुकीचा उचलला जातोय. दुसरी जास्त असेल तर वेग कमी करून प्रश्न कमी करायचे.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात आठवड्याला दोन पूर्ण मॉक, परीक्षेची जी वेळ असेल त्याच वेळेला, मध्ये न उठता. अधिकृत मॉक शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवा. बरीच मुलं त्या पहिल्याच आठवड्यात उडवतात आणि मग शेवटी भरवशाचा आकडा मिळत नाही. आदल्या दिवशी मॉक नको.

डिस्लेक्सिया वगैरेमुळे जादा वेळ मिळत असेल तर 25 टक्के जादा वेळेची वेगळी आवृत्ती असते, पण तिची मंजुरी तारीख घेण्याआधी घ्यावी लागते. तुमची तारीख झाली आहे, म्हणून तसं काही असेल तर आजच यूकॅटला लिहा.

---

रानजाई

तसं काही नाही, धन्यवाद. शेवटचा प्रश्न: परीक्षेच्या दिवशी नक्की काय न्यायचं? आणि त्या दिवशी ताप असला तर?

---

ओपीडी

फोटो असलेलं ओळखपत्र, मूळ, मुदत न संपलेलं. त्यावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव सारखं हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं-नसतं, तिथे गोंधळ होतो. पासपोर्ट समोर ठेवून नोंदणीचं पान आजच ताडून बघा, केंद्रावर जाऊन दुरुस्ती होत नाही. अर्धा तास आधी पोचायचं. पाणी, घड्याळ, फोन सगळं बाहेर लॉकरमध्ये जातं.

कच्च्या कामाला कागद देत नाहीत, पुसता येणारी प्लास्टिकची वही आणि मार्कर देतात. मार्करचं टोक जाड असतं, बारीक अक्षरं फासतात. घरी तसलीच एखादी व्हाइटबोर्ड-पाटी घेऊन डीएमची वर्तुळं त्यावर काढायची सवय करा. आत बसल्यावर पहिल्यांदा मार्कर चालतोय का ते बघा, सुरू होण्याआधीच दुसरा मागून घ्या. प्रत्येक विभागाआधी सूचनांचं पान येतं, त्याला स्वतंत्र वेळ असतो. सूचना पाठ असल्या तरी तो वेळ पूर्ण वापरा, डोळे मिटून बसा, थांबे वहीवर लिहून ठेवा: 16, 10, 4.

ताप असेल तर देऊ नका. परीक्षेला बसणं म्हणजे "मी तंदुरुस्त आहे" असं मान्य करणं, नंतर आजाराचं कारण चालत नाही, आणि वर्षातली संधी एकच. तारीख 24 तास आधीपर्यंत बदलता येते. परीक्षा सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत चालते, त्यामुळे ऑगस्टअखेरची तारीख असल्याने तुमच्या हातात दोन-तीन आठवडे आहेत. मात्र शेवटच्या दिवसांतल्या जागा आधीच भरलेल्या असतात, म्हणून आदल्या दिवशी सकाळी अंग मोडून आलं तर "संध्याकाळपर्यंत बघू" असं म्हणू नका, लगेच बदला.